सेकंडहँड ओमेगा सीमास्टर २५३१.८०: डब्याआधी कडा बघा

डबा, कार्ड, टॅग, पुस्तिका... पहिल्या विक्रेत्याने अंधेरीच्या कॅफेत टेबलावर रुखवत मांडावं तसं सगळं मांडलं. घड्याळ मात्र साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं. मी दातांची डॉक्टर. पॉलिश, कड आणि फट, दिवसभर लूप, म्हणजे भिंग, लावून हेच बघते. या मॉडेलच्या लग्जना, म्हणजे पट्टा जिथे बसतो त्या घड्याळाच्या चार शिंगांना, छान पीळ आहे. वरची चमकदार कड आणि बाजूचा ब्रश केलेला भाग यांच्यामध्ये स्वच्छ रेघ हवी. इथे रेघच नव्हती. पुन्हापुन्हा पॉलिश करून धातू उडवलेला. "मॅडम, एकदम नव्यासारखं आहे," म्हणे. म्हणूनच नको. गेलेला धातू परत येत नाही, कार्ड कितीही खरं असलं तरी.

पार्श्वभूमी थोडक्यात: निळ्या लाटांच्या डायलची ही सीमास्टर १९९३ ची. पिअर्स ब्रॉस्ननच्या बाँडने मनगटावर घातली आणि तिचं नशीब फळफळलं. ४१ मिमीची केस (घड्याळाची बॉडी), पाण्याखाली ३०० मीटरचं रेटिंग, बहुतेकांच्या आत ११२० मशीन. हे मशीन ईटीए या स्विस मशीन कंपनीच्या २८९२-ए२ वरून बेतलेलं आहे, त्यामुळे जाणत्या कारागिराला ते परकं नाही. सेकंडहँड घेताना मला हा मोठा फायदा वाटतो.

दुसरं घड्याळ बोरिवलीच्या एका मुलाकडे निघालं. त्याच्या लग्जची रेघ शाबूत होती, बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर, प्रामाणिक ओरखडे होते. माझी अट एकच: व्यवहार फोर्टमध्ये, माझ्या ओळखीच्या घड्याळवाल्या काकांच्या टेबलावर होईल. जो विक्रेता याला नाही म्हणेल, त्याच्याशी पुढे बोलूच नये. हा मुलगा आला.

काळोखात काय चमकतं ते बघायला मी क्लिनिकमधला फिलिंग घट्ट करायचा निळा लाइट नेला होता. क्षणभर दाखवला, टेबलाखाली धरलं, तर काटे आणि ठिपके एकाच हिरव्या छटेत उजळले. काटे वेगळे आणि डायल वेगळी दिसली, तर काहीतरी बदललंय असं समजा. सुरुवातीच्या काही घड्याळांत डायलच्या तळाशी इंग्रजी टी अक्षरं असतात, म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकायला वापरलेला किरणोत्सारी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, त्यामुळे ते आज जवळजवळ विझलेलं असायला हवं. तसं घड्याळ भसाभसा चमकलं, तर डायल रंगवलेली असणार.

दहाच्या बाजूला जी दुसरी चावी दिसते, तो हेलियम व्हॉल्व्ह. दाबाच्या खोलीत दिवस काढणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांच्या घड्याळात हेलियम शिरतो, त्याला बाहेर पडायची वाट म्हणून ती सोय. आपल्याला शून्य उपयोग. पण ती फिरवून बघाच, नकली मालात बऱ्याचदा ती नुसती शोभेला असते. मग काकांनी मागचं झाकण उघडलं. लगच्या पाठीवरचा सिरीयल नंबर आणि मशीनवरचा नंबर लूपखाली जुळवला. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, तासाला २८,८०० ठोके, दिवसाला चार सेकंद पुढे, डायल वर ठेवून अँप्लिट्यूड (आतल्या चाकाचा झोका) २७० अंशांच्या आसपास. काकांनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी.

खरी मजा पाण्यात आली. काचेच्या नळकांड्यात खाली पाणी, वर हवा. झाकण बंद केलेलं घड्याळ आधी हवेत टांगतात आणि दाब वाढवतात. कुठे फट असेल तर दाबलेली हवा तिथून आत घुसते. मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू उतरवायचा. आत गेलेली हवा बाहेर पडू लागते. चावीच्या मुळाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. काकांनी घड्याळ झटकन वर खेचलं, बुडबुडे थांबायच्या आत, नाहीतर त्याच वाटेने पाणी शिरलं असतं.

"पण काका, डायलवर तीनशे मीटर लिहिलंय," मुलगा म्हणाला.

"लिहिलंय खरं, पण ते रबराने वाचलेलं नाही."

पाणी अडवणारी रबरं, म्हणजे गॅस्केट, वाळतात, चपटी होतात, घड्याळ कपाटात पडून असलं तरीही. मुंबईत समुद्राच्या तळाशी कोण जातंय म्हणा, पण जुलैत पार्ले स्टेशनबाहेर उभं राहिलं की पुरे. चावी, मागचं झाकण आणि व्हॉल्व्ह या सगळ्यांची रबरं बदलायचा खर्च मी किमतीतून कापून घेतला. रबरं बदलल्यावर पुन्हा चाचणी केली, तेव्हा एकही बुडबुडा नाही. पैसे बँकेतून पाठवले आणि पावतीवर सिरीयल नंबर लिहून मुलाची सही घेतली. उद्या कुणी चोरीचा माल म्हणून दारात आलं, तर हाताशी कागद हवा. डब्यापेक्षा हाच कागद मोलाचा.

वापराबद्दल म्हणाल तर घड्याळ देखणं आहे, पातळ आहे, शर्टच्या बाहीखाली जातं. चेन हाताला मऊ लागते. घेताना घड्याळ आडवं धरून ती किती लोंबते ते बघा, आणि काढलेल्या कड्या मागून घ्या. तक्रारी दोन. पोकळ काटे लाटांच्या डायलवर हरवतात, घाईत वेळ कळत नाही. आणि बेझल! कड इतकी गुळगुळीत वळणांची की ओल्या बोटांनी फिरता फिरत नाही. डाइव्ह घड्याळाला हे शोभत नाही.

तरी घ्या म्हणेन, लग्जची रेघ जिवंत असेल तर. आणि पुढे सर्व्हिसला कुठेही दिलंत, तरी 'पॉलिश करू नये' हे जॉबकार्डवर लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगू नका.