केळी की कापूस? तापीकाठचा हिशोब

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचा माणूस केळीशिवाय दुसरं बोलतच नाही, आणि खरंय, तापीचा गाळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरी-बोअर, ठिबक, टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं, सावद्याहून रेल्वेनं थेट दिल्लीला माल, वर २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. पैसा दिसतो भाऊ. पण खर्चही तेवढाच, वर्षभर पाणी पाहिजे आणि ते उपसायचं जमिनीतून, म्हणून तिकडचे बोअर खोल खोल चाललेत. त्यात मे-जूनचं वादळ आलं की उभी बाग एका रात्रीत आडवी, सीएमव्ही हा विषाणूचा रोग वेगळाच, अन् भावासाठी बघायचं बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे.

कापूस म्हणजे पारोळा-अमळनेरकडची काळी जमीन, पावसावर निघतो, भांडवल कमी. गुलाबी बोंडअळी आणि वेचणीची मजुरी मात्र जीव खाते. पण घरात भरून ठेवता येतो ना, भाव पडला तर थांबा, केळीचा घड थोडाच थांबतो! आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्याला कापूसच झेपतो. हतनूर धरणाचा पाट ज्याच्या शेताला लागतो त्यानं खुशाल केळी लावावी, फक्त सगळ्या रानात नको.