शांघायमध्ये घर: हुआंगपूच्या या काठाला की त्या?

शांघायला बदली झाली की घर दाखवणारा एजंट पहिला प्रश्न हाच विचारतो: पुशी की पुदोंग? शहराच्या मधून हुआंगपू नदी वाहते. पश्चिमेचं ते पुशी, पूर्वेचं पुदोंग. आम्ही दोन्हीकडे राहिलो. आधी पुशीतल्या गुबेईत, लेक शाळेत जायला लागल्यावर पुदोंगमध्ये सेंच्युरी पार्कजवळ.

पुशी म्हणजे जुनं शहर. मध्यभागातल्या गल्ल्यांवर चिनाराच्या जातीच्या झाडांची सावली, खाली उतरलं की भाजीवाली आणि वाफाळते बाओझी (सारण भरलेले पाव) विकणारा. गुबेई त्यामानाने नवं, तिथे जपानी आणि कोरियन कुटुंबं बरीच. हुआंगजिनचेंग नावाच्या रस्त्यावर गाड्या नसतात, दोन्ही बाजूंना गिंकोची झाडं आहेत. शरद ऋतूच्या अखेरीस तो सगळा रस्ता पिवळा होतो आणि संध्याकाळी मुलं त्या पानांतून सायकली पळवतात. मी चिनी बोलायला तिथेच लागले. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी खाते, हे वाक्य भाजीवालीने घोटून घेतलं. घरकामाच्या बाईंना इथे ‘आयी’ म्हणतात आणि त्याचा अर्थ मावशी. आपणही कामाच्या बाईंना मावशीच म्हणतो, त्यामुळे हा शब्द पहिल्या दिवसापासून तोंडात बसला.

पुदोंगचा मोठा भाग 1990 च्या आधी शेतीचा होता, म्हणून तिथे सगळं ऐसपैस. फुटपाथ इतके रुंद की बाबागाडी कुठेही अडत नाही. सेंच्युरी पार्कच सुमारे 140 हेक्टरचं. रविवारी डबा घेऊन गेलं की दिवस जातो. पण आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर दुकान नव्हतं आणि दुपारी रस्त्यावर बोलायला माणूस नसे. हे दुखणं घर बघायला जाता त्या दिवशी कळत नाही.

मुलांना घेऊन फिरायचं, तर पुदोंगचं पारडं जड वाटतं. 2016 मध्ये उघडलेलं डिस्नेलँड तिकडेच, मेट्रोच्या 11 नंबर लाइनवर. लिनगांगचं खगोलशास्त्र संग्रहालयही (2021) तिकडेच. तिथे तिकीट आधी काढावं लागतं आणि नुसतं पोचायलाच तासाच्या वर लागतो. पण अशा जागी माणूस वर्षातून कितीदा जातो? पुशीत 10 नंबर लाइनवर प्राणिसंग्रहालय आहे, जिंगआनच्या शिल्पउद्यानात नॅचरल हिस्टरी म्युझियम आहे. तिथे आम्ही पावसाळी शनिवारी सहज उठून जायचो. आणि होंगछियाओ स्टेशन. तिथून वेगवान रेल्वेने सुजौ अर्ध्या तासावर, हांगजौ साधारण तासावर. पुदोंगहून त्या स्टेशनपर्यंत जाण्यातच तास मोडतो. रेल्वेच्या तिकिटाला पासपोर्ट लागतो, तो मुलांचाही बरोबर ठेवा.

नदी ओलांडायला मेट्रो आहेच, 2 नंबरची लाइन दोन्ही काठांना जोडते आणि 1.3 मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट जातं. लेकीला मात्र 2 युआनची फेरीबोट सगळ्यात आवडते.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. राहायला आल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे नोंदणी, नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिणं नाही, ओली थंडी, आणि 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीच्या आठवड्यात, गर्दीमुळे, कुठेही न जाणं.

मुलं लहान, शाळा पुदोंगात आणि दोघंही नोकरी करणार असाल तर पुदोंग घ्या, मन घट्ट करून घ्या. रोज तास-दीड तास शाळेच्या बसमध्ये काढायला लावणं लहान मुलांवर अन्याय आहे. पण दोघांतलं एक जण व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून घरी बसणार असेल, तर तिला किंवा त्याला एकटं पाठवून एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन्हीकडच्या फाटकाबाहेर अर्धा तास फिरू द्या आणि घर त्याच माणसाला ठरवू द्या. मी तसं केलं असतं, तर आम्ही गुबेईतच राहून लेकीसाठी जवळची शाळा शोधली असती.