सोलापूरच्या उन्हात केबिनची हवा : पंख वर असावेत की खाली?

चार आसनी खाजगी विमान घेताना वेग, पल्ला आणि इंधनाचा खर्च यांची चर्चा सगळेच करतात, त्यामुळे ती येथे करत नाही. आधी काही वर्षे पंख केबिनच्या खाली असलेल्या आणि आता पंख केबिनच्या वर असलेल्या विमानात माझी भागीदारी राहिली आहे. सोलापुरात राहून एप्रिल-मेमध्येही उडणाऱ्याने निवड करण्यापूर्वी केबिनमध्ये हवा कशी खेळते ते पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आकाशात गेल्यावर दोहोंत फारसे डावे-उजवे करता येत नाही. विमानाच्या वेगानेच बाहेरची हवा व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या झरोक्यातून, आत ढकलली जाते आणि हजार फुटांमागे तापमान साधारण 2 ते 3 अंशांनी उतरते. खाली 42 अंश असले तरी सात-आठ हजार फुटांवर घामाने भिजलेला शर्ट वाळतो. मागे बसणाऱ्यांचा विचार केला तर माझे जुने विमान उजवेच होते, कारण छतातील फिरत्या व्हेंटांचा झोत थेट त्यांच्या चेहऱ्यावर येई. आताच्या विमानात पंखाच्या मुळाशी ओढून उघडायच्या नळ्या आहेत. त्यांची हवा पुढच्या दोघांना भरपूर मिळते, मागे उरलीसुरली पोहोचते, आणि पावसातून जाताना त्यातून गुडघ्यावर पाणीही ठिबकते. हीटरची ऊब दोन्हींत एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते, म्हणून गळती झालीच तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दाखवणारे यंत्र दोन्हींत हवेच.

खरा फरक पडतो तो जमिनीवर. इंजिन आयडलवर, म्हणजे मंद गतीने, चालू असते, विमान उभे असते, आणि व्हेंटमध्ये हवा ढकलायला वेगच नसतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, सोलापूरचा मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी वरच्या पंखाची सावली बाजूच्या काचांवर पडते; खालच्या पंखाची सावली केबिनच्या काही उपयोगाची नसते.

जुन्या विमानाला दार एकच, तेही उजवीकडे. माझ्या बाजूला तळहाताएवढी झडप. त्यामुळे दार किंचित उघडे ठेवून टॅक्सी करावी, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत न्यावे, लागे आणि ते धरण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे येई. एका मेमधल्या दुपारी, उतरणाऱ्या विमानासाठी आम्ही वीसेक मिनिटे थांबलो होतो. "दाजी, दार सोडू नका, झोताने आपटेल," असे मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. दाराच्या तापलेल्या कडेचा चटका बसू नये म्हणून दाजींनी हाताला रुमाल गुंडाळला होता आणि त्यांच्या कोपरावरून घाम नकाशावर टपकत होता. परवानगी मिळताच घाईघाईने दार ओढले, खालची कडी बसली, वरची राहिली. जमीन सोडताच दाराची वरची कड बोटभर उघडली आणि वाऱ्याचा प्रचंड आवाज आत शिरला. अशाने विमान पडत नाही, हे मला ठाऊक होते; दाजींना ते ठाऊक नव्हते. फेरी मारून उतरेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी दार धरून ठेवले होते. कड्या तपासणे वैमानिकाचे काम, त्यामुळे चूक माझीच होती. पण हवेसाठी दारच उघडे ठेवावे लागते, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून उतरली.

सेस्ना 172 च्या घडणीच्या, म्हणजे माझ्या आताच्यासारख्या वरच्या पंखाच्या विमानात दोन्ही बाजूंना दारे असतात आणि वरून बिजागरी असलेली खिडकी बाहेर उघडते. टॅक्सी करताना प्रॉपेलरचा झोत त्या फटीतून आत येतो आणि दाराला हातही लावावा लागत नाही. खालच्या पंखांतही सगळी विमाने सारखी नाहीत, हे मान्य. डायमंड डीए40 या विमानाचे केबिनवरचे काचेसारखे झाकण जमिनीवर किंचित उघडे अडकवून ठेवण्याची सोय आहे. मात्र उड्डाणापूर्वी ते पूर्ण बंद करण्याची आठवण तिथेही ठेवावीच लागते.

जून 2025 मध्ये गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली आहे, तेव्हा होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर छोट्या विमानांचे असे थांबणे वाढेल, कमी होणार नाही, असा माझा अंदाज आहे. मागची दोन आसने नेहमी भरणार असतील तर छतातील व्हेंटांचे पारडे कदाचित जड ठरेल. दोघेच उडणार असाल तर मी वरच्या पंखाकडेच बोट दाखवीन. कोणतेही विमान घेण्यापूर्वी मालकाला दुपारी 2 वाजता इंजिन सुरू करून विमान पंधरा मिनिटे उभे ठेवायला सांगावे आणि त्या वेळी स्वतः उजव्या आसनावर बसावे.