कर्नलच्या सेटिंग्ज: एकच फाइल की फाइलींची डिरेक्टरी?

कोकण किनाऱ्यावरच्या लहान कार्यालयांत, म्हणजे पतसंस्थेच्या शाखेत, आंबा कॅनिंगच्या कारखान्यात किंवा मच्छीमार सोसायटीत, लिनक्सवर चालणारे एखादे मशीन कोपऱ्यात वर्षानुवर्षे मुकाट काम करत असते. त्याच्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग्ज नेमक्या कुठे लिहिल्या आहेत, हा प्रश्न पावसाळ्यात लाइट जाऊन आल्याखेरीज कोणाला पडत नाही. चालू मशीनवर 'सिससीटीएल' कमांडने दिलेली किंमत रीस्टार्ट होताच पुसली जाते, त्यामुळे ती कुठेतरी लिहून ठेवावीच लागते. लिहिण्याच्या जागा दोन आहेत: '/इटीसी/सिससीटीएल.कॉन्फ' ही जुनी एकच फाइल, किंवा '/इटीसी/सिससीटीएल.डी' ही डिरेक्टरी, जिच्यात प्रत्येक विषयाची वेगळी फाइल ठेवता येते.

एकाच फाइलीची बाजू मी हलकी मानत नाही. उघडली की सगळे एका पडद्यावर दिसते, बॅकअप म्हणजे एका फाइलीची प्रत, आणि एकच सेटिंग दोनदा लिहिली गेली तरी खालची ओळ वरचीवर मात करते हे कोणालाही समजते. ज्या मशीनला एकच माणूस हात लावतो आणि जिथे बदललेल्या ओळी जेमतेम चार-पाच आहेत, तिथे हा साधेपणा खरोखर उपयोगाचा असतो.

अडचण अपग्रेडच्या वेळी येते. ती फाइल एखाद्या पॅकेजच्या, म्हणजे एकगठ्ठा बसवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मालकीची असेल आणि आपण तिच्यात भर घातली असेल, तर पॅकेजच्या नव्या आवृत्तीत ती फाइल बदललेली असली की डेबियन या लिनक्स वितरणाच्या (तयार संचाच्या) कुळातील मशीन मध्येच थांबून विचारते, की तुमची फाइल ठेवू की नवी घालू. काऊंटरवर गर्दी असताना चुकीचे उत्तर दिले गेले, तर आपल्या ओळी जागेवरून जातात आणि ते पुढच्या रीस्टार्टपर्यंत कळतही नाही. डिरेक्टरीत आपण स्वतःच्या नावाने ठेवलेली फाइल कोणत्याही पॅकेजची नसल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र डिरेक्टरीचे नियम नीट समजून घेतले पाहिजेत. वितरणाने दिलेल्या फाइली '/यूएसआर/लिब/सिससीटीएल.डी'मध्ये असतात, तात्पुरत्या '/रन/सिससीटीएल.डी'मध्ये आणि आपल्या 'इटीसी'मध्ये. मशीन सुरू होताना सेवा आणि सेटिंग्ज लावणारा सिस्टमडी हा प्रोग्राम या सर्व जागांच्या फाइली एकत्र करून केवळ नावाच्या क्रमाने वाचतो, आणि एकच सेटिंग दोन फाइलींत असेल तर शेवटी वाचलेली किंमत टिकते. क्रम अक्षरांच्या हिशेबाने लागतो, आकड्यांच्या नव्हे, म्हणून '१००' ने सुरू होणारी फाइल '२०' च्या आधी वाचली जाते. यासाठीच नावाच्या सुरुवातीला नेहमी दोन अंक ठेवण्याची पद्धत आहे. दोन ठिकाणी अगदी एकाच नावाची फाइल असेल, तर 'इटीसी'तील फाइल दुसरीला संपूर्ण बाजूला सारते. एक ओळ बदलायची म्हणून वितरणाच्या फाइलीचे नाव घेऊन नवी फाइल केली, तर मूळच्या बाकीच्या ओळीही निकामी होतात. माझ्या मते बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

दुसरी चूक मी स्वतः निस्तरली आहे. मी पाहत असलेल्या एका शाखेतील मशीन काऊंटरवरच्या संगणकांना इंटरनेट पुरवत असे आणि त्यासाठी 'आयपी फॉरवर्ड'ची, म्हणजे एका जाळ्यातील माहिती दुसऱ्या जाळ्यात पुढे पाठवू देणाऱ्या सेटिंगची, किंमत १ असावी लागते. ती '३०-गेटवे.कॉन्फ' या फाइलीत नीट लिहिलेली होती. फेब्रुवारीत सुरक्षेचे काम करायला आलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने '९०-सुरक्षा.कॉन्फ' ठेवली, जिच्यात तीच किंमत ० होती. पण ती लगेच लागू केली नाही, त्यामुळे चार महिने कोणाला काही जाणवले नाही. जूनमध्ये रात्रभर वीज नव्हती, सकाळी मशीन चालू झाले आणि सर्व काऊंटर बंद. मी तासभर केबल आणि राउटर तपासत बसलो, कारण माझ्या फाइलीत १ स्पष्ट दिसत होते. हाच विरोध एका फाइलीत असता, तर दोन्ही ओळी एकाखाली एक नजरेस पडल्या असत्या, हे मान्य करावे लागेल.

डिरेक्टरी निवडणाऱ्याने म्हणून एक सवय लावून घ्यावी. 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅट-कॉन्फिग सिससीटीएल.डी' ही कमांड सर्व फाइली वाचल्या जाण्याच्या क्रमाने, प्रत्येकीचा मार्ग वर छापून, दाखवते. ती त्या सकाळी मी पहिल्या पाच मिनिटांत चालवायला हवी होती. तसेच 'सिससीटीएल -पी' ही जुनी कमांड फाइलीचे नाव न देता चालवली तर फक्त जुनी एकच फाइल वाचते, डिरेक्टरी वाचत नाही. सगळे लागू करण्यासाठी '--सिस्टीम' हा पर्याय द्यावा लागतो. एखादी फाइल तात्पुरती बंद करायची तर शेवटचे 'डॉट कॉन्फ' बदलले तरी पुरते, कारण त्या शेपटाखेरीज फाइल वाचलीच जात नाही.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखीच राहते. ज्या सेटिंगचे कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला गरजेप्रमाणे जोडला जाणारा भाग, अजून लोडच झालेले नाही, ती बूटच्या (मशीन सुरू होण्याच्या) वेळी लागू होत नाही, मग ती कुठेही लिहिलेली असो. असे मॉड्यूल 'मॉड्यूल्स-लोड.डी'मध्ये नोंदवून आधी लोड करून घ्यावे लागते.

डेबियन १३ वर जाणाऱ्यांसाठी निवड जवळजवळ झालेलीच आहे, कारण तिथे सिस्टमडी बूटच्या वेळी ती जुनी एकच फाइल वाचतच नाही. इतरांनीही, मशीनला दोन माणसांचे हात लागत असतील किंवा एकच मांडणी गुहागरपासून मालवणपर्यंतच्या चार शाखांत न्यायची असेल, तर डिरेक्टरीच घ्यावी. जुन्या फाइलीतील आपल्या ओळी विषयवार दोन-तीन फाइलींत हलवाव्यात, प्रत्येकीच्या माथ्यावर ती का आणि कोणी लिहिली याची एक ओळ टाकावी, आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी, आपण स्वतः समोर उभे असताना, मशीन एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून प्रत्येक किंमत तपासून घ्यावी.