एटीव्ही आणि डांबरी रस्ता: काही महिन्यांच्या वापरानंतर

एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटांसाठीची, हँडलने वळवायची चारचाकी गाडी. माती, चिखल, चढ या ठिकाणी तिच्याबद्दल तक्रार नाही. खरी काळजी लागते ती दोन कच्च्या वाटांमधला डांबरी रस्ता ओलांडताना, आणि खरेदीच्या वेळी हे कुणी नीट सांगत नाही.

या गाडीत मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर आहेत. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही फिरतात सारख्याच वेगाने. मातीत आतलं चाक थोडं घसरतं आणि वळण जमतं. डांबरावर ते घसरत नाही, त्यामुळे गाडी सरळच रेटते. हँडल आणखी दाबलं की झटक्यात वळते. उंच सीट आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं कमी अंतर, म्हणजे उलटण्याचा धोका इथेच. वळणाआधीच वेग उतरवा, वरचं अंग वळणाच्या आत झुकवा आणि पायाचा भार बाहेरच्या फूटरेस्टवर द्या. फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद) असेल तर कडक रस्त्यावर टू-व्हील ड्राइव्हवर या, पुढचा डिफरन्शियल लॉक (पुढची दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरवणारी कळ) काढा. नाहीतर हँडल जड होतं.

टायरमध्ये हवा साधारण 4 ते 7 पीएसआय असते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर पाहा. कारच्या गेजवर इतका कमी दाब नीट कळत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. टायर थंड असतानाच मोजा. डाव्या-उजव्यात फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढते. डांबरासाठी हवा वाढवणं चुकीचं: टायर फुगतो, मधलाच पट्टा टेकतो आणि गाडी उसळते.

रस्ता ओलांडायची जागा वळण आणि चढाचा माथा सोडून निवडा. कडेला पूर्ण थांबा, दोन्हीकडे पाहा, मग काटकोनात, खालच्या गिअरमध्ये, थ्रॉटल (वेग वाढवायची कळ) हळू दाबत पलीकडे जा. चिखलाने माखलेले टायर डांबरावर सुरुवातीला घसरतात. चार-पाच गाड्या एकत्र असल्या तरी प्रत्येकाने स्वतः थांबून पाहायचं. पुढचा गेला म्हणून मागोमाग निघणं सर्वांत धोक्याचं. पाण्यातून आल्यावर ब्रेक हलके दाबून आधी सुकवा.

उंच दांड्यावरचा नारिंगी झेंडा आणि दिवसाही चालू हेडलाइट, दोन्ही असायलाच हवेत. मागच्या दिव्यावर धुळीचा थर बसतो, तो दर वेळी पुसा.

लांब सीट पाहून मागे कुणाला बसवू नका. ती जागा चालवणाऱ्याला अंग सरकवायला ठेवलेली असते.

निघण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा आणि प्रत्येक टोकाला अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडा. तो आपोआप मागे आला नाही, तर केबल साफ होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.