खंडोबाच्या किड्यासमोर वीस मिनिटे : वेताळ टेकडीवरची कीटक-फेरी

पावसाळा सरता सरता, गवत कमरेएवढे वाढलेले असताना, एका निसर्गप्रेमी गटाच्या कीटक-फेरीसाठी मी माझ्या आठ वर्षांच्या भाचीला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो होतो. माणशी दोनशे रुपयांत अडीच तासांची ही फेरी होती. फुलपाखरे आणि चतुर घाईने उरकले गेले. पण गिरिपुष्पाच्या फांदीवर खंडोबाचा किडा, म्हणजेच प्रार्थना कीटक दिसताच मार्गदर्शकांनी सर्वांना खाली बसवले आणि वीस मिनिटे तिथून हलू दिले नाही. पैसे वसूल झाले ते इथेच.

वाऱ्याची झुळूक आली की तो हिरवा कीटक पानासारखाच डुलत असे, त्यामुळे समोर असूनही निम्म्या लोकांना तो आधी दिसलाच नाही. जोडलेल्या हातांसारखे भासणारे त्याचे पुढचे पाय आतून काटेरी असतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्यावर झडप घालतात, हे ऐकत असतानाच एक माशी त्यांत अडकली. ती खाऊन झाल्यावर त्याने एकेक पाय तोंडाशी नेऊन मांजरासारखा स्वच्छ केला. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आपल्या मागे मागे का येतो, असे भाचीने विचारले. तो ठिपका बुबुळ नसून, संयुक्त डोळ्यातील ज्या नेत्रिका (डोळा ज्यांनी बनतो ते इवलेसे घटक) थेट आपल्याकडे रोखलेल्या असतात त्या प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले गेले. मादी नराला दर वेळी खातेच असे नाही, उपाशी असताना तसे अधिक घडते, हाही खुलासा झाला.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. काटकीवर चिकटलेले अंड्यांचे वेष्टन सापडले, तेव्हा आत काय आहे हे दाखवण्यासाठी मदतनीसाने ते नखाने फोडले. मादीने अंड्यांसोबत सोडलेला फेस वाळून हे वेष्टन तयार होते, आणि त्यात शंभराहून अधिक अंडीही असू शकतात. फुलपाखरासारख्या अळी आणि कोश या अवस्था नसल्याने त्यातून थेट बिनपंखी, इवलेसे खंडोबाचे किडेच बाहेर पडतात. एवढे सगळे शब्दांत सांगता येत असताना आणि भिंग हाताशी असताना ते फोडण्याचे काहीच कारण नव्हते. मी तिथेच हरकत घेतली, मार्गदर्शकांनी चूक मान्य केली आणि यापुढे कोणतेही वेष्टन काटकीवरून काढले जाणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले. त्या शब्दावर विसंबून मी पुढच्या फेरीसाठी आमची दोन नावे दिली आहेत.