छोट्या केसमधलं ग्राफिक्स कार्ड: ११ महिने वापरल्यावरचा अनुभव

११ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळं चुकीचं लिहिलं असतं, कारण तेव्हा मला वाटायचं की केस, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, छोटी असली तर फॅन वाढवायचे की झालं काम. आता विचाराल तर मी आधी एकच विचारेन, कार्डातून निघालेली गरम हवा जाते कुठे? माझ्याकडे ती फिरून परत कार्डातच जात होती आणि हे कळायला मला जवळजवळ दीड महिना लागला.

आधी सेटअप सांगते. साधारण ११ लिटरची सँडविच केस, म्हणजे मधे एक पत्रा, त्याच्या एका बाजूला मदरबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला कार्ड, दोघं पाठीला पाठ लावून, आणि कार्ड रायझर केबलने (कार्ड बोर्डापासून लांब बसवता येतं ती जोडकेबल) जोडलेलं. कार्ड आरटीएक्स ३०७०, दोन फॅनवालं, दोन स्लॉट जाडीचं, २२० वॅटचं. प्रोसेसर ६५ वॅटचा, त्यावर ४७ मिमी उंचीचा चपटा कूलर. एसएफएक्स (छोट्या आकाराचा) पॉवर सप्लाय ६०० वॅटचा. केसच्या वरच्या बाजूला १२० मिमीचे दोन स्लिम फॅन, १५ मिमी जाडीचे. कार्डाच्या फॅनचं तोंड बाजूच्या जाळीकडे आणि मधे जेमतेम १ सेंटिमीटर जागा.

पहिल्या दिवशी जड गेम लावला तर अर्ध्या तासात कार्ड ८४ डिग्री, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम बिंदू) ९७, फॅन ९० टक्क्यांवर, हेडफोन घालूनही आवाज येतोय. खोली तेव्हा २९ डिग्री होती. हा खोलीचा आकडा मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक नुसतं "माझं ७० वर चालतं" म्हणतात आणि खोली १८ होती की ३३ हे सांगतच नाहीत, आणि फॅनचा वेग तोच असेल तर खोली जेवढी तापते साधारण तेवढंच कार्डही वर सरकतं. मी पहिल्यापासून वहीत दोन्ही आकडे लिहीत गेले आणि फरकच बघत गेले. म्हणजे पहिल्या दिवशीचा फरक ५५. पुढचं सगळं या फरकातच वाचा.

वरचे दोन फॅन मी हवा आत ढकलणारे लावले होते. डोक्यात गणित सरळ होतं, ताजी हवा आत आली की गार होईल. पण या कार्डाचे फॅन जाळीतून हवा ओढतात, ती हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमधून जाते आणि वरच्या-खालच्या कडांनी बाहेर पडते. ही वर येणारी गरम हवा आणि माझे खाली फुंकणारे फॅन, दोघांची समोरासमोर टक्कर. फॅन उलटे फिरवले, बाहेर ओढणारे केले, फरक ५५ चा ५० झाला. फक्त चार-चार स्क्रू, पण पाच डिग्री.

त्यानंतर बरेच दिवस तिथेच अडकले. मग एकदा टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापली, एक थर सोलून आणखी पातळ केली आणि गेम चालू असताना जाळीभर हळूहळू फिरवली. जिथे हवा आत जाते तिथे पट्टी चिकटते, बाहेर येते तिथे फडफडते. फॅनच्या बरोबर समोर ती जाळीला घट्ट चिकटली, ते ठीकच होतं. पण दोन बोटं बाजूला सरकवली तर फडफडायला लागली, आणि बोट लावलं तर तिथून कोमट हवा येत होती! म्हणजे कार्डाच्या कडेने निघालेली गरम हवा त्याच जाळीतून बाहेर डोकावते आणि दोन बोटांवरचा फॅन तीच पुन्हा आत ओढतो, आणि हे गोल गोल चालूच. वर मी केस जाळीची बाजू भिंतीकडे करून ठेवली होती, मधे फार तर ४ सेंटिमीटर जागा, म्हणजे उरलीसुरली गरम हवाही तिथेच घुटमळणार.

उपाय अगदी साधा निघाला. दारं-खिडक्यांच्या फटींना लावतात ती मऊ फोमची चिकट पट्टी घेतली, १२ मिमी जाडीची, आणि कार्डाच्या फॅनभोवती आयताकृती चौकट होईल अशी आतून जाळीवर चिकटवली. पॅनल लावलं की फोम किंचित दाबला जातो आणि फॅन फक्त बाहेरचीच हवा घेऊ शकतात, केसमधली नाही. पट्टी फॅनच्या पात्याला कुठेच लागू देऊ नका, लावल्यावर फॅन हाताने फिरवून बघा. चौकटीच्या बाहेर जाळीचा जो भाग उरला तो मी आतून काळ्या चिकटटेपने बंद केला, म्हणजे गरम हवेला वरच्या फॅनशिवाय दुसरी वाटच राहिली नाही. केस भिंतीपासून २० सेंटिमीटरवर सरकवली. फरक ५० चा थेट ४३. मला स्वतःला खरं वाटेना, म्हणून पट्टी काढून पुन्हा चालवलं, परत ४९-५०. पट्टी लावली, ४३. एवढं समाधान मला कुठल्याही महागड्या पार्टने दिलेलं नाही.

आता अंडरव्होल्ट, म्हणजे कार्डाच्या चिपला मुद्दाम कमी व्होल्टेज देणं. हा भाग सगळ्यांनी करावा असं माझं ठाम मत आहे, केस मोठी असली तरी. चिपला लागणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे क्लॉक (चिपचा वेग) थोडा कमी आणि व्होल्टेज बराच कमी केला तर उष्णता मूळातच कमी तयार होते, आणि छोट्या डब्यात जी तयारच झाली नाही ती बाहेर काढावीही लागत नाही. माझं कार्ड १.०५ व्होल्टला १९०५-१९२० मेगाहर्ट्झच्या आसपास पळायचं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज-क्लॉकची कर्व उघडून ०.८७५ व्होल्टचा पॉइंट १८१५ वर नेला आणि उजवीकडचं सगळं सपाट केलं. २२० वॅट खाणारं कार्ड त्याच सीनला १६५ ते १७० वर आलं आणि एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) गेले ३-४ टक्के, जे मला आकडा बघितल्याशिवाय कळलेही नाहीत. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे कर्व कार्ड गरम असताना सेट करा, कारण तापमानाप्रमाणे ती १५-१५ मेगाहर्ट्झने सरकते, थंड कार्डवर नीट लावलेला आकडा तापल्यावर खाली दिसतो. दुसरं, बेंचमार्क (कार्डाची ताकद मोजायची टेस्ट) पास झालं म्हणून स्टेबल धरू नका. मी आधी ०.८५ वर ठेवलं होतं, सगळ्या टेस्ट व्यवस्थित, आणि मग रे ट्रेसिंगवाला (प्रकाशाचं जड गणित करणारा) गेम खेळताना दोन तासांनी क्रॅश, दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रॅश. ०.८७५ वर गेल्यापासून एकदाही नाही.

आता फरक ३५-३६ आहे आणि फॅन ५५ टक्क्यांवर. पहिल्या दिवशी ९० टक्क्यांवर ५५ होता.

फॅन कर्वबद्दल थोडंसं. कार्डाचा झीरो आरपीएम मोड (कार्ड थंड असताना फॅन पूर्ण थांबवणारा) छोट्या केसमध्ये मी बंदच केला. फॅन थांबले की उष्णता आत साठते, ५५-६० ला फॅन एकदम घर्रकन सुरू होतात, दोन मिनिटांत बंद, परत सुरू, आणि तो चालू-बंद आवाज सतत हळू चालणाऱ्या फॅनपेक्षा कितीतरी त्रासदायक. किमान ३० टक्के ठेवलेत, ऐकूही येत नाहीत. एफपीएसलाही मर्यादा घातली, स्क्रीन १४४ हर्ट्झची आहे तर १२० वर लॉक. गेमच्या मेनूत उगाच कार्ड पूर्ण ताकदीने जळत राहतं ते थांबलं.

एसएसडीकडे, म्हणजे फाइल साठवायच्या ड्राइव्हकडे, माझं लक्षच नव्हतं. या केसमध्ये बोर्डाच्या मागचा एम.२ स्लॉट (एसएसडी लावायची जागा) कार्डाच्या बॅकप्लेटच्या (पाठीकडच्या झाकणाच्या) अगदी समोर येतो, मधे फक्त पत्रा. लांब गेमिंग झाल्यावर मोठी फाइल कॉपी केली की ड्राइव्ह ८० च्या पुढे जायचा आणि स्पीड धाडकन पडायचा. गेमची ड्राइव्ह पुढच्या स्लॉटमध्ये हलवली, मागे कमी वापराची ठेवली, विषय मिटला.

रायझरचाही एक प्रकार झाला. तिसऱ्या महिन्यात अधूनमधून स्क्रीन काळी व्हायची, मी उष्णतेलाच दोष देत बसले आणि आठवडा वाया घालवला. केबल पीसीआयई (कार्ड आणि बोर्डाची जोडणी) ३.० ची होती आणि बोर्ड ४.० वर चालवायचा प्रयत्न करत होता. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३, म्हणजे ३.० वर फिक्स केला, स्क्रीन काळी होणं लगेच बंद. या कार्डाला त्याने एफपीएसमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

सातव्या महिन्यात मात्र वाईट वाटलं. कार्डाचं तापमान जवळपास तेच, पण हॉटस्पॉट आणि त्यातलं अंतर आधी १३ असायचं ते २४-२५ झालं. हे हळूहळू वाढलं, वही नसती तर कळलंही नसतं. कार्ड तापतं-थंड होतं, तापतं-थंड होतं, त्यात चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मधे कोरडी जागा राहते. कार्ड बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की तापमान मर्यादेत आहे. मर्यादेत होतं हे खरं, पण चांगलं नव्हतं. वॉरंटीचे नियम वाचून, जोखीम समजून स्वतःच उघडलं. पेस्टऐवजी पीटीएम ७९५० ची शीट लावली, ती साधारण ४५ डिग्रीला मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी बाहेर ढकलली जात नाही. मेमरीचे पॅड (उष्णता पोचवणारे मऊ तुकडे) धड होते, त्यांना हातच लावला नाही, कारण बदललेला पॅड अर्धा मिलिमीटर जरी जाड निघाला तरी हीटसिंक चिपवर नीट बसत नाही. स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळत गेले. लगेच आकडे बघून घाबरू नका, दोन-चार वेळा तापून थंड झाल्यावर शीट नीट बसते. अंतर आता ११, चार महिने झाले, हललेलं नाही.

धुळीसाठी जाळीवर बारीक नायलॉनचा फिल्टर लावून बघितला, चार डिग्री वाढले, काढून टाकला. त्यापेक्षा महिन्यातून एकदा पॅनल काढून ब्रशने साफ करते. हवा मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंगची वाट लागते.

कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर अंडरव्होल्ट आधी, त्याला पैसे लागत नाहीत. मग टिश्यूची पट्टी फिरवा. माझ्या जाळीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ती अजूनही थोडी फडफडते, पॉवर केबल तिथून जाते त्यामुळे फोम नीट दाबला जात नाही. येत्या रविवारी तेवढा तुकडा कापून नवा लावणार आहे.